डोलकर आणि मावशी

दिवाळीच्या फराळावर घरोघर मतभेद असतात. कुणाला चकली कडक लागते, कुणाला नरम. आमच्या पनवेलच्या घरात मात्र फराळावरून कधी तंटा झाला नाही. तो झाला एका गाण्यावरून, आणि चांगला तीस वर्षे चालला.

१९८३ च्या दिवाळीत वडिलांनी टेपरेकॉर्डर आणला. त्याच्याबरोबर मी कोळीगीतांची एक कॅसेट पैदा केली होती. तिच्यात ‘मी डोलकर’ होते. पहाटे अभ्यंगस्नान झाले, ओटीवर पाट मांडले गेले आणि मी ऐटीत बटण दाबले. गाणे संपते न संपते तोच शेजारचे मास्तर करंजी बशीत ठेवून म्हणाले, “हे लोकगीत नव्हे!”

झाले! माझे मामा कधी मास्तरांशी सहमत झाल्याचे कुणाला आठवत नाही. ते चटकन म्हणाले, “मग काय नाट्यगीत आहे?”

मास्तरांचे म्हणणे असे, की लोकगीत म्हणजे नीरा. ती माडाखाली, पहाटेच्या गारव्यातच प्यावी. बाटलीत भरून शहरात नेली की आंबलीच समजा. इथे तर कोळ्यांच्या ठेक्याला भलामोठा वाद्यमेळ जोडलेला! त्यातून लिहिणाऱ्या शांता शेळके. त्यांचा जन्म इंदापूरचा, म्हणजे दर्यापासून किती कोस, ते तुम्हीच मोजा. गाणारे हेमंतकुमार तर बंगाली. मंगेशकर बहीणभावांचे मूळ गोव्याचे, तेवढाच काय तो समुद्राचा संबंध!

मामांनी शांतपणे लाडू फोडला. “मास्तर, तुमची नीरा माडाखालीच राहिली असती तर देशावरच्या माणसाला तिची चव कधी कळली असती? हृदयनाथांनी चाल बांधली, लताबाई गायल्या, म्हणून नागपूरच्या माणसालाही कोळी गातो हे कळले.”

मी अर्थातच मामांच्या पक्षाचा. विशीतला मुलगा नव्याच्याच बाजूने असतो. त्याला कारण लागत नाही.

एवढ्यात कोळीवाड्यातली मावशी आली. ती आमच्याकडे वर्षानुवर्षे मासळी घाली. दिवाळीच्या दिवशी मात्र टोपली नसे. नवे लुगडे नेसून ती फराळाला येई आणि जाताना आईची विचारपूस करून जाई. मी म्हटले, आता खरा निवाडा होईल. गाणे पुन्हा लावले आणि माझे पांडित्यही पाजळले. “मावशी, डोलकर म्हणजे होडीत डोलणारा ना?”

मावशी तोंडाला पदर लावून हसली. “आरं पोरा, डोल म्हंजे जालं!”

मग तिने हातांनी दाखवले. डोल म्हणजे पिशवीसारखे लांब जाळे. तोंड रुंद, शेपूट निमुळते. पाण्याला ओढ असते तिथे ते खुंटांना बांधून ठेवायचे. भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी आपोआप आत येते. ते लावणारा तो डोलकर. मी इतके दिवस त्या बिचाऱ्याला नुसताच डोलवीत होतो!

“पण गाणे कसे आहे?” मास्तरांनी आणि मामांनी एकदमच विचारले.

तिने क्षणभर विचार केला. “गानं गोर हाय. पन आमचं नाय.”

दोघांनाही आपणच जिंकल्यासारखे वाटले. तंटा पुढच्या दिवाळीवर गेला.

असले तंटे काही पनवेलच्या ओटीवरच होतात असे नाही. १९६५ च्या जुलैत अमेरिकेतल्या न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन विजेवरची गिटार घेऊन उभा राहिला, तेव्हा श्रोत्यांतल्या काहींनी त्याची हुर्यो केली. ती गिटारीसाठी होती की खराब ध्वनियोजनेसाठी, यावर अजून वाद चालतो. आमचे मास्तर तिथे असते तर कोणत्या बाजूला बसले असते, हे सांगायला नको.

पण त्या दिवशी मावशी जाता जाता आणखी एक बोलली होती, तिकडे कुणाचेच लक्ष नव्हते. मावशी धवलारीण होती. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारिणीचा मान भटजींइतकाच. हळदीपासून लग्नापर्यंत एकेका विधीला एकेक धवला. वाद्य नाही, वही नाही, सारे मुखोद्गत. मावशी टेपरेकॉर्डरकडे बघत म्हणाली होती, “यात मानसाचा आवाज राहतो ना? मंग ये कवातरी. मी गाईन.”

मी म्हणालो, “येतो की, पुढच्या दिवाळीला!”

किती दिवाळ्या गेल्या! मी नोकरीला लागलो, लग्न झाले. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने आसपास शहर उभे केले. पनवेलची १८५२ सालची नगरपालिका २०१६ साली महानगरपालिका झाली. कोळीवाडा माझ्या घरापासून दहा मिनिटांवर होता, तो तिथेच राहिला. मी गेलो नाही. ‘मी डोलकर’ची कॅसेट मात्र झिजली म्हणून दोनदा नवी आणली.

मावशी गेली. मास्तर गेले, मामा गेले. काही वर्षांपूर्वी मावशीच्या पणतीच्या हळदीचे आमंत्रण आले, तेव्हा कोळीवाड्यात गेलो. बेंजो पार्टी जोरात होती. त्यांनी ‘मी डोलकर’ धरले आणि सारा मांडव नाचू लागला. आज्या, सुना, पोरे, सगळे! ‘आमचं नाय’ म्हणणाऱ्या मावशीच्याच घरात ते गाणे आता पुरते घरचे झाले होते. मामा असते तर त्यांनी मास्तरांकडे बघून मिशीत हसून घेतले असते.

मग बेंजो थांबला. हळद लावायची वेळ झाली. एका म्हातारीने धवला धरला. दोन ओळी झाल्या, तिसरी आठवेना. शेजारणीने आधार देऊन पाहिला, तिलाही येईना. थोडा वेळ सगळे गप्प होते. मग कुणीतरी बेंजोवाल्याला खूण केली.

मावशीचा नातू, नवरीचा बाप, माझ्याजवळ येऊन बसला. “काका, तुमच्याकडं तवा टेप होता ना? आजी सांगायची. आजीचा आवाज असंल का त्याच्यात?”

मी ‘नाही’ म्हणालो. दुसरे काय सांगणार?

तेव्हापासून त्या तंट्यात मला कोणतीच बाजू घेता येत नाही. मास्तरांची नीरा खरी होती आणि मामांची बाटलीही. गाण्याने धवल्याचे काही चोरले नाही. उलट मांडवात तेच धावून आले. नीरेची एवढी काळजी आम्ही वाहिली, पण माडाखाली जाऊन बसलो मात्र नाही.

माझ्या आत्याने नव्वदी ओलांडली आहे. तिला जात्यावरच्या ओव्या येतात. यंदा फराळाच्या ताटाशेजारी मी मोबाईल चालू करून ठेवला आणि म्हटले, “आत्या, म्हण.”

ती म्हणाली, “म्हणते रे, आधी चकली खा.”

तेही आवाजात आले आहे. पुसले नाही.