आप्पांचा लेथ

भांडुपला एलबीएस मार्गावर आप्पांचा कारखाना होता, तिथे आता टॉवर आहे. गेटवरच्या वॉचमनने विचारलं, "कुणाकडे जायचंय?" नाव सांगावं असं तिथे कुणी उरलेलं नाही, म्हणून मेट्रोच्या खांबांच्या कडेकडेने मुलुंडच्या दिशेला चालत राहिले. जुनी माणसं या रस्त्याला अजून आग्रा रोडच म्हणतात.

आप्पा पलूसकडचे. शेजारीच किर्लोस्करवाडी, औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये वसवलेली. लोखंडी नांगराने जमीन नासते असं मानणाऱ्या पिढीतले आमचे पणजोबा, आणि त्यांचा हा नातू कुणाच्या विहिरीवर इंजिन सुरू झालं ते नुसत्या आवाजावरून सांगायचा. भावाभावांत वाटणी झाली, वाट्याचं रान पोटाला पुरेना, तेव्हा ते मुंबईला येऊन टर्नर झाले. घाटकोपरला भटवाडीत गाववाल्यांच्या खोलीत पाळीपाळीने झोपायचे. आई आणि आम्ही पोरं गावाकडेच.

एका दसऱ्याला त्यांनी आम्हाला बोलावून घेतलं. खंडेनवमीला कामगारांच्या बायकापोरांना कारखान्यात सोडत. आप्पांनी कॉटन वेस्टने लेथ लखलखीत पुसला होता, हेडस्टॉकवर झेंडूची माळ, टूलपोस्टला हळदकुंकू. त्या दिवशी यंत्र चालवायचं नसतं, म्हणून त्यांनी चक हाताने फिरवून दाखवला. मग माझ्या वेणीतला एक केस उपटून मायक्रोमीटरमध्ये धरला. "अडीच थाऊ," म्हणाले. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. "एवढं जरी चुकलं तरी जॉब भंगारात." इतक्या हौसेने ते माझ्याशी आधी कधी बोलले नव्हते, नंतरही नाही. बाकीचे पेढे वाटत होते आणि आप्पा मला कुठला जॉब किती वेळ घेतो ते सांगत होते. आई दाराशी उभी होती. तिच्या चपलेचा अंगठा दोऱ्याने शिवलेला होता. केसाची जाडी मोजणाऱ्या माणसाला तो दिसला नाही.

त्यांच्या हातचे शाफ्ट कुर्ल्याला प्रीमियर पद्मिनीसाठी जात. काळी-पिवळी टॅक्सी दिसली की आप्पा आधी आवाज ऐकायचे, मग मीटर बघायचे. २००० च्या सुमारास पद्मिनीचं उत्पादन थांबलं आणि तिच्यावर जगणारी छोटी वर्कशॉप एकेक करून मिटली. आप्पांचीही मिटली, देणी कागदावरच राहिली. वीस वर्षांची वयोमर्यादा संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून गेली. तिला निरोप द्यायला वर्तमानपत्रं धावली, हार घातलेले फोटो छापून आले. टर्नरांचा फोटो कुणी मागितला नाही.

गावी परतल्यावर आप्पा शेवटपर्यंत लोकांच्या मोटारी फुकट दुरुस्त करत राहिले. आईची तक्रार नव्हती. "ते यंत्र होतं म्हणून तुम्ही शिकलात," एवढाच तिचा हिशेब, आणि तो तिने कधीच मिटवून टाकला.

माझा मिटलेला नाही. ज्या लेथने आमचा बाप वर्षाचे अकरा महिने ठेवून घेतला, त्याचा मला राग आहे. पण भांडुप-मुलुंड टॉवर आले तेव्हा कुठे सुधारलं, असं कुणी म्हणालं की मी त्याच लेथच्या बाजूने भांडायला उठते.