बळदातली मालदांडी

सोलापूर म्हटले की लोकांना चादरी आठवतात. मला मामांच्या घरातले बळद आठवते. भिंतीच्या पोटात बांधलेली ही धान्याची कोठी. वरून धान्य ओतायचे, खालच्या भोकातून काढायचे. हल्लीच्या सिमेंटच्या घरांना एवढ्या जाड भिंतीच नसतात, तेव्हा बळद हा शब्दही लवकरच कोशात जाऊन बसेल.

गेल्या माघात बऱ्याच वर्षांनी मंगळवेढ्याला मामांकडे गेलो. सोलापुराहून वाट पन्नासपंचावन्न किलोमीटरांची. मध्ये कुठे ऊस, कुठे डाळिंब. पण मंगळवेढ्याची काळी रानं लागली की ज्वारीच ज्वारी. ही जमीन मोठी अजब! उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की काठी आत जावी. पण पावसाळ्याच्या शेवटी पाणी एकदा पोटात घेतले, की तीच ओल ती माघापर्यंत पुरवून पुरवून देते. हस्ताच्या सुमारास पेरलेले पीक पुढे वरून थेंब न पडताही कणसाला येते.

याच मुलखातल्या मालदांडीतून निवड करून मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात ‘मालदांडी ३५-१’ हा वाण तयार झाला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. मामांना मी हे मोठ्या उत्साहाने सांगितले.

“कागूद मिळाला व्हय? बरं झालं,” मामा म्हणाले. “आता उपटायला मानसं मिळाली म्हंजी झालं.”

ही ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात. मीही हौसेने हात घातला. दोन ओळी होईतो तळव्याला फोड आले आणि शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. या कामालाच आता माणूस मिळत नाही. मिळाले तर मजुरी ऐकून ज्वारीचा भाव आठवतो. कडब्याचे चार पैसे होतात म्हणून निभावते, इतकेच.

मामांचे रान अवघे सहा एकर, आणि बियाणे घरचे. संकरित ज्वारीचा पहिला वाण १९६४ साली आला. त्याचे बी दरसाल विकत घ्यावे लागते, कारण त्याच्या दाण्यातून पुन्हा तसेच पीक उतरत नाही. मालदांडीचे तसे नाही. भरलेली कणसे निवडावीत, वाळवावीत, दाण्यात कडुलिंबाचा पाला घालून ठेवावा. पुढल्या साली तीच ज्वारी. (हायब्रीडच्या भाकरीविषयी आमच्या आजीचे मत येथे छापण्याजोगे नाही.)

रात्री गरम भाकरी आणि शेंगाची चटणी पुढ्यात असताना मामेभावाने विषय काढला. “आण्णा, ही शेवटची ज्वारी. औंदा आपण ऊस लावू.” त्याचा हिशेब खोटा नव्हता. शिवारात कालव्याचे पाणी आले आहे, आणि पोरीच्या शिक्षणाचे कर्ज डोक्यावर आहे.

मामा बराच वेळ गप्प राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बहात्तरच्या दुष्काळात मी धा वर्साचा व्हतो. तुझी आई माझ्याहून थोरली. आई खडी फोडाय जायची. घरात सुकडी, न्हाईतर ती परदेशातनं आलेली लाल मिलो. त्या मिलोची भाकरी घशाखाली उतरायची न्हाई. आन् बळदात पायलीभर मालदांडी व्हती. तुझ्या आईनं रडून रडून मागितली. आईनं भोकाला शेणामातीनं लिंपून टाकलं.”

ज्या मंगळवेढ्यात दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारे लोकांना उघडून दिली, त्याच मंगळवेढ्यात ही बाई स्वतःच्या लेकरांसमोर बळद लिंपून बसली होती. माझ्या आईने हे मला कधी सांगितले नाही. आजीवर तिचा एक राग होता, तो कशाचा, ते मला त्या रात्री कळले.

मामेभाऊ ताटावरून उठला. “गोष्टीनं कर्ज फिटत न्हाई, आण्णा,” एवढेच म्हणाला आणि हात धुवायला गेला.

सकाळी खळ्यावर गेलो तो मामा बियाण्याची कणसे निवडत बसलेले. थोड्या वेळाने मामेभाऊ आला, बापाशी न बोलता टोपलीजवळ बसला आणि एकेक कणीस उचलून पाहू लागला. एक त्याने बाजूला फेकले.

“त्याला काय झालं?” मामांनी विचारले.

“पोचट हाय,” तो म्हणाला. “एका एकरापुरतंच निवडा. जास्त न्हाई.”