पाण्याभोवती जमलेली माणसं

नांदेडच्या गोविंद बागेत जायचं तर कारंजी सुरू होण्याच्या बरंच आधी जावं. तो वाट बघण्याचा वेळ मला पुढच्या खेळापेक्षा जास्त आवडतो. अमृतसरहून सचखंड एक्स्प्रेसनं आलेली मोठमोठी कुटुंबं हिरवळीवर टेकलेली असतात. निळ्या-केशरी पगड्या, दमून आईच्या मांडीवर आडवी झालेली मुलं. त्यांच्या शेजारी लोह्याकडून दवाखान्याच्या कामाला आलेलं कुणी, क्लास सुटल्यावर थेट इकडं वळलेली पोरं, भाकरीचं गाठोडं जवळ ओढून बसलेली एखादी आजी. दिवसभराच्या उन्हानं फरशी अजून गरम असते. “सरका की जरा, लेकराला पुढं बसू द्या,” म्हटलं की भाषा न कळणारा माणूसही हातवाऱ्यावरून समजून सरकतो.

मग संगीत सुरू होतं आणि पाणी उसळतं. त्याच्यावर रंग चढतात, लेझरच्या प्रकाशात शिखांच्या दहा गुरूंच्या चरित्रातले प्रसंग उमटतात. पोरं उठून उभी राहतात, मागचे ओरडतात, पोरं बसतात, पुन्हा उठतात.

एकदा माझ्या शेजारच्या धोतर-टोपीतल्या बाबांनी हळूच विचारलं, “हे समदं पानी वाया जातंय का वो?” खालच्या हौदातलं पाणी पंपानं वर चढतं आणि पुन्हा त्याच हौदात पडतं, असं सांगितलं तेव्हा कुठं ते मोकळ्या मनानं बघायला लागले. तोवर त्यांनी रंगांकडं पाहिलंच नव्हतं, ते नुसतं पाणी पाहत होते.

मराठवाड्यातल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी होत्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी. त्याच्या आधी टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लावली गेली होती. ज्या मुलखात पाण्यापाशी पाच माणसांनी जमू नये असा हुकूम निघाला, त्याच मुलखात शेकडो माणसं पाण्याभोवती घागर न घेता, घाई न करता बसतात. म्हणून गोविंद बागेतली संध्याकाळ मला नुसती करमणूक वाटत नाही.

कारंज्याचं संगीत मात्र ध्वनिमुद्रित आणि मोठ्या आवाजातलं. जिवंत गाणं ऐकायचं तर तिथून उठून तख्त सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या अंगणात यावं. चपला जोडाघरात द्याव्यात, डोक्याला रुमाल बांधावा आणि संगमरवरावर जागा मिळेल तिथं बसावं. तुम्ही कोण, कुठले, हे कुणी विचारत नाही. इथं १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी शिखांच्या पवित्र ग्रंथालाच, गुरू ग्रंथ साहिबला, गुरुपद दिलं; महाराजा रणजितसिंगांनी पुढं १८३२ ते १८३७ या काळात ही वास्तू उभारली. आणि तो ग्रंथ मुळात गाण्याचा आहे. त्याची मांडणीच ३१ रागांनुसार आहे. ज्याला रागाचं नावही ठाऊक नाही असा माणूस इथं बसून हार्मोनियम-तबल्याच्या साथीनं गाणारे रागी ऐकतो आणि मग लंगरमध्ये जेवून घरी जातो. आमच्या भागात नावाजलेल्या गवयाची मैफल कधीतरीच होते. हे गाणं मात्र रोजचं आहे, आणि त्याला तिकीट नाही.

त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत. नामदेवांचं गाव म्हणून मानलं जाणारं नरसी इथून जवळच, हिंगोली जिल्ह्यात. ते पंजाबात घुमानपर्यंत गेले. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं ते त्या नात्यानंच. पुढं काही शतकांनी गुरू गोविंदसिंग गोदावरीकाठी आले. नामदेवांचे शब्द असे पंजाबातून रागात बसून परत आपल्या मुलखात आले, आणि आज पंजाबी गळ्यातून निघतात. शेजारी बसलेल्या आमच्या माणसांपैकी किती जणांना हे माहीत असेल? ते माहीत व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं. याच अंगणातल्या तख्तासाठी गोदावरीच्या पाण्याची घागर रोज मध्यरात्रीनंतर श्रद्धेनं वाहून आणली जाते, तीही पाहावी.

शेजारच्या लातूरला मात्र मला असं अंगण अजून सापडलेलं नाही. बागा आहेत, पण गाणं नाही. शहराच्या मधोमध गंजगोलाई आहे, १९१७ ची. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आखलेलं ते वर्तुळ आजही देखणं आहे. मध्ये जगदंबेचं मंदिर, भोवती १६ रस्ते. कुठं सोनं, कुठं चपला, कुठं मिरची आणि गूळ. पण तिथं माणूस घेतो, मोजतो आणि निघतो. परीक्षांच्या तयारीसाठी गाजलेल्या ‘लातूर पॅटर्न’च्या ओढीनं घर सोडून आलेली हजारो पोरं याच शहरात खोल्यांतून रात्रंदिवस प्रश्नपत्रिका सोडवत असतात. अनोळखी माणसांशेजारी बसून गाणं ऐकण्याची एक संध्याकाळ त्यांना मिळायलाच हवी. दुकानं मिटल्यावर महिन्यातून एकदा गोलाईतच भारूड, कव्वाली, शाहिरी, नामदेवांची पदं होऊ देत. नांदेडहून रागी जत्थाही बोलवावा. महापालिकेनं दोन तास गाड्या थांबवाव्यात. सतरंज्या लोक घरून आणतील.