गजाआडचा बाजार
मार्था राइट या वॉशिंग्टनच्या निवृत्त परिचारिका. उतारवयात त्यांची दृष्टी गेली होती आणि नातू शेकडो मैल दूरच्या तुरुंगात होता. पत्र वाचता येईना, प्रवास झेपेना. उरला तो फोन. तोही इतका महाग, की महिन्याचे पैसे औषधांवर घालवावेत की नातवाच्या आवाजावर, हे या आजीला ठरवावं लागे.

त्या महागाईचं कारण वाचलं तेव्हा मी सुन्न झालो. तुरुंगातल्या फोनचा ठेका एकाच कंपनीला मिळे आणि कित्येक ठिकाणी ती आपल्या कमाईतला वाटा तुरुंगाच्या यंत्रणेलाच कमिशन म्हणून देई. जो जास्त कमिशन देईल, त्याचं पारडं जड. गिऱ्हाइकाला दुसरं दुकान नाही, आणि बिल भरायचं ज्यांनी काहीच गुन्हा केलेला नाही त्या घरच्यांनी. खुल्या बाजाराचे गोडवे गाणाऱ्या अमेरिकेतली ही गोष्ट.

सरकार हीच अडचण आहे, असं रोनाल्ड रेगन यांनी 1981 साली राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेताना सांगितलं होतं. व्यापारावरचा सरकारी हात सैल झाला. माणसांवरचा मात्र आवळत गेला. त्यांनीच सही केलेल्या 1986 च्या कायद्यानं 5 ग्रॅम क्रॅक कोकेन विकायला बाळगलं तरी किमान 5 वर्षं कैद होती. भुकटीच्या कोकेनसाठी तेवढीच शिक्षा व्हायला 500 ग्रॅम लागत. क्रॅकच्या खटल्यांत बहुतांशी कृष्णवर्णीयच अडकले. पुढे डेमोक्रॅटही याच वाटेनं गेले. 2008 च्या सुमारास गजाआडची माणसं 23 लाखांवर पोचली होती.

बाजार मोकळा आणि शिक्षा कडक, या विचाराचं मूळ बर्नार्ड हारकोर्ट हे अभ्यासक अठराव्या शतकातल्या फ्रेंच अर्थचिंतकांत शोधतात. बाजार निसर्गनियमानं चालतो, तिथे राज्यानं ढवळाढवळ करू नये. राज्याचा दंडुका तो नियम मोडणाऱ्यासाठी. मला हे पटतं. बाजाराला निसर्ग मानलं, की त्यात न बसणारा माणूस गरीब किंवा व्यसनी राहत नाही, तो थेट अपराधी ठरतो. मग त्याच्यावर कितीही खर्च झाला तरी कुणाला उधळपट्टी वाटत नाही.

मार्थाबाईंनी 2003 साली केंद्रीय दूरसंचार आयोगाकडे दाद मागितली. 2015 साली त्या गेल्या. कैद्यांच्या फोनचे दर न्याय्य ठेवायला लावणारा, त्यांचं नाव असलेला कायदा झाला तो जानेवारी 2023 मध्ये. कनेक्टिकटनं आणि पाठोपाठ कॅलिफोर्नियानं तर आपल्या तुरुंगांतून घरी केलेले कॉल मोफतच केले. हे आधीही करता आलं असतं.