सराफा, घडणावळ आणि रझांचा ठिपका

मंडळी, सराफ्याची आठवण लिहायला बसलं की आपल्याकडे सगळे भुट्ट्याच्या कीसावर नि गराडूवर घसरतात. मीही घसरते, नाही असं नाही. पण आज खाण्याचं नाही लिहीत. आज सैयद हैदर रझांबद्दल लिहिते. आमच्या घरात या चित्रकारावरून पस्तीस वर्षं वाद चालला, आणि खरं सांगायचं तर तो वाद चित्रांचा नव्हताच.

आम्ही छोट्या सराफ्यात राहायचो, दुसऱ्या मजल्यावर. आप्पा एका पेढीवर मुनीम होते. रात्री दुकानं 'बढवली' (बंद केली असं सराफ्यात कुणी म्हणत नाही, अपशकुन मानतात) की त्याच ओटल्यांवर शेगड्या नि कढया लागायच्या. दिवसा खालून फुंकणीचा नि हातोडीचा आवाज यायचा. आप्पांचं एक वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं: "सोनं कुणाकडेही असतं, पैसे घडणावळीचे." भाजीपासून भाषणापर्यंत कशालाही ते हेच माप लावायचे.

१९८१ मध्ये रझांना पद्मश्री मिळाली. पेपरात त्यांचा नि एका चित्राचा फोटो आला. चौकोनात मोठा काळा गोल, बस. माझा धाकटा भाऊ तेव्हा चौदा वर्षांचा, वहीच्या मागच्या पानांवर सतत काहीतरी काढत बसणारा. त्याने तो फोटो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. आप्पांनी पाहिला नि म्हणाले, "ठिपका काढायला फ्रान्सला कशाला जायला लागतं रे?" वाद इथून सुरू झाला.

आता थोडं रझांबद्दल, कारण आपल्या ग्रुपवरच्या तरुण मंडळींना नाव ठाऊक असतं, माणूस ठाऊक नसतो. जन्म २२ फेब्रुवारी १९२२, आपल्याच मध्य प्रदेशात, मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावी. वडील जंगल खात्यात. चारी बाजूंना जंगल, गोंडांची वस्ती, नर्मदा. ककैयाच्या शाळेत पोराचं लक्ष लागेना, तेव्हा गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला नि सांगितलं, मन थाऱ्यावर येईपर्यंत याच्याकडे बघत बस. ही गोष्ट रझा आयुष्यभर सांगत राहिले.

त्या काळी मंडल्याची राजधानी नागपूर. म्हणून चित्रकला शिकायला ते १९३९ मध्ये नागपूरला गेले आणि तिथून मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये. पोटासाठी ब्लॉक बनवणाऱ्या स्टुडिओत नोकरी, उरलेल्या वेळात चित्रं. १९४७ मध्ये सूझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे आणि रझा अशा सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला. यातले हुसेन तर आपल्या इंदूरच्या गल्ल्यांत वाढलेले, देवळालीकर सरांच्या चित्रशाळेत शिकलेले. गाडे विदर्भातले. म्हणजे हा सगळा गोतावळा आपल्या ओळखीच्याच मुलखातला.

त्याच सुमारास रझांचं घर मात्र मोडलं. १९४७ मध्ये आई गेली, १९४८ मध्ये वडील. भावंडं फाळणीनंतर पाकिस्तानात गेली. रझा गेले नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१९४८ मध्ये ते काश्मीरला चित्रं काढायला गेले होते. तिथे फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ भेटले. चित्रं बघून त्यांनी सांगितलं त्याचा मथितार्थ असा, की तुझ्यात गुण आहे, पण चित्रात बांधणी नाही, सेझान नीट बघ. भावाने कुठल्याशा मासिकात हे वाचलं आणि रात्री जेवताना आप्पांना ऐकवलं. "आप्पा, तुमचंच वाक्य आहे बघा. सोनं आहे, घडण नाही. तो घडण शिकायला गेला फ्रान्सला." आप्पा काही बोलले नाहीत, पण ताटातली पोळी त्यांनी जरा सावकाश खाल्ली.

१९५० मध्ये फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती घेऊन रझा पॅरिसला गेले. तीन वर्षं तिथल्या मोठ्या कलाशाळेत शिकले. १९५६ मध्ये समीक्षकांचं एक मानाचं बक्षीस मिळालं, फ्रेंच नसलेल्या चित्रकाराला पहिल्यांदाच. तिथेच भेटलेल्या जानीन माँजिला या चित्रकर्तीशी १९५९ मध्ये लग्न केलं. घरं, चर्च, डोंगर अशी चित्रं काढता काढता आकार विरघळत गेले नि नुसता रंग उरला. १९६२ मध्ये अमेरिकेत बर्कलीला शिकवायला गेले, तिथे रॉथ्कोची चित्रं पाहून रंगाची आणखी एक खिडकी उघडली. चित्रं विकली जात होती, नाव झालं होतं.

आणि तरी सत्तरच्या दशकात त्यांना वाटायला लागलं, की हे सगळं चांगलं आहे पण यात मी कुठे आहे? मग भारताच्या फेऱ्या सुरू झाल्या. अजिंठा, वेरूळ, राजस्थान, आपला मध्य प्रदेश. आणि इतक्या वर्षांनी कॅनव्हासवर शाळेच्या भिंतीवरचा ठिपका उतरला. बिंदू. त्याच्याभोवती त्रिकोण, चौकोन, पंचमहाभूतांचे रंग. बांधणी फ्रान्सात शिकलेली, त्यात बसवलं ते ककैयाचं. मला विचाराल तर त्यांच्या चित्रांचं मर्म एवढंच आहे. त्याआधीच्या तीस वर्षांशिवाय तो ठिपका नुसता ठिपकाच राहिला असता.

आता आमचं. भाऊ चित्रकार झाला नाही, इंजिनियर झाला. १९९३ मध्ये नोकरीसाठी फ्रान्सला गेला, लियोंला. निघताना आई स्टेशनवर रडली नाही, घरी येऊन रडली. दर दोन वर्षांनी तो यायचा. २००४ च्या डिसेंबरात आईला अचानक पक्षाघात झाला आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. तो पोचला तेव्हा अस्थी घरात होत्या. तेराव्याला नातेवाइकांमधल्या एकांनी सगळ्यांसमोर म्हटलं, "तिकडचा झाला तो आता, आपला नाही राहिला." भाऊ उठून गॅलरीत गेला. खाली सराफ्यात गर्दी होती, कुणीतरी जोरजोरात हसत होतं. मी त्याच्या शेजारी उभी राहिले. तो फक्त एवढंच म्हणाला, "ताई, विमान नव्हतं गं."

त्या खेपेला त्याने रझांच्या एका चित्राची छापील प्रत आणली होती, आईसाठी. ती गुंडाळीतच राहिली होती. तो परत गेल्यावर महिन्याभराने आप्पांनी ती काढली, टेबलावर पसरली आणि फुटपट्टी घेऊन बसले. इकडून मोजलं, तिकडून मोजलं, कागदावर आकडे मांडले. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "मापात आहे गं सगळं." मग फ्रेम करून आणली आणि आपल्या मेजाच्या वर लावली. भावाला यातलं काही कळवलं नाही. मी कळवलं.

२०१० मध्ये रझांचं 'सौराष्ट्र' सोळा कोटींच्या वर विकलं गेलं, तेव्हा खाली सराफ्यातसुद्धा चर्चा झाली. तोळ्याच्या भावात हिशेब करून लोक हसले. आप्पा हसले नाहीत. म्हणाले, "घडणावळ."

जानीन २००२ मध्ये गेल्या होत्या. २०१० च्या अखेरीस रझा कायमचे भारतात परतले. साठ वर्षं फ्रान्समध्ये राहून त्यांनी भारताचं नागरिकत्व सोडलं नव्हतं. २३ जुलै २०१६ ला दिल्लीत गेले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्याला वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचं दफन झालं. आप्पांनी ती बातमी मला दोनदा वाचायला लावली. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर म्हणाले, "त्याला फोन लाव." भाऊ नि आप्पा अर्धा तास बोलले. काय बोलले ते मी विचारलं नाही. आप्पा २०१८ मध्ये गेले. या वेळी भाऊ आठवडाभर आधीच आला होता.

२०२३ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात रझांचं मोठं प्रदर्शन भरलं. भाऊ लियोंहून मुद्दाम गेला आणि तिथून फोन केला. "ताई, इथे फ्रेंच लोक देवनागरी अक्षरांसमोर उभे आहेत. एका बाईंनी मला विचारलं, काय लिहिलंय? मी वाचून दाखवलं." तीस वर्षांत पहिल्यांदा तिथे कुणी त्याला त्याची लिपी वाचायला सांगितली होती.

प्रत्येकाला रझांसारखं परत येता येत नाही, हे मला कळतं. भाऊही येणार नाही, त्याची मुलं तिथली आहेत. पण 'आपला राहिला नाही' हे वाक्य आता माझ्यासमोर कुणी म्हटलं तर मी ऐकून घेत नाही. रझांचं तर घरच त्यांना सोडून सरहद्दीपलीकडे गेलं होतं, तरी त्यांनी ठिपका सोडला नाही. माणूस कुठे राहतो यावरून तो कुणाचा हे ठरत नाही. तो काय धरून बसलाय ते बघावं लागतं.

छोट्या सराफ्यातली ती जागा आता आमची नाही. फ्रेम माझ्याकडे आहे. तुमच्यापैकी कुणाच्या घरून कुणी असं लांब गेलं असेल, तर ते काय धरून बसलेत तेही लिहा खाली. भुट्ट्याच्या कीसाबद्दल पुढच्या वेळी, नक्की.