आजोबांची प्लायमाऊथ आणि माझी यादी



आजी गेल्यावर सांगलीच्या घराची वाटणी झाली आणि माझ्या वाट्याला आजोबांची मोटार आली. १९४८ ची प्लायमाऊथ. हळदीच्या वखारीत तीस वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. भावांपैकी कुणालाच ती नको होती. एक दलाल मात्र रोख पैसे घेऊन दारात येऊन बसला होता. "अक्का, भंगारपेक्षा बरा भाव देतोय," म्हणाला.

माझी अडचण वेगळीच होती. पाच वर्षांपूर्वी मी परिग्रह-परिमाण व्रत घेतलं. नव्या मैत्रिणींसाठी थोडक्यात सांगते. आपण संसारी माणसं मुनींसारखं सगळं सोडू शकत नाही. म्हणून घर, जमीन, सोनं, कपडे, भांडी, वाहन यांची मर्यादा ठरवून यादी करायची आणि त्यापुढे जायचं नाही. मर्यादा पुढे कमी करता येते, वाढवायची नसते. माझ्या यादीत लिहिलंय, 'चारचाकी : एक'. ती एक दारात होतीच.

"मग मुलाच्या नावावर कर की," असं सगळ्यांनी सुचवलं. पण तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी परिग्रह वस्तूत नाही, मूर्च्छेत सांगितलाय. मूर्च्छा म्हणजे 'हे माझं' ही ओढ. कागदावर नाव मुलाचं आणि जीव माझा अडकलेला, याला व्रत कसं म्हणायचं?

आजोबांचीही अशीच यादी होती. त्यात 'मोटार : एक' होतं. त्यांची गाडीची वहीसुद्धा सापडली. तारीख, किती मैल, किती पेट्रोल आणि शेवटच्या रकान्यात 'कोणासाठी'. त्यात कुंभोजच्या बाहुबलीची यात्रा आहे, लग्नाची वरात आहे, पण सगळ्यात जास्त वेळा 'बाळंतीण, मिरज' लिहिलंय. गल्लीत कुणाची वेळ भरली की हीच गाडी मिरजेच्या दवाखान्यात जायची. ती वही वाचल्यावर दलालाला नाही म्हटलं. आमची रोजची मोटार नुकत्याच नोकरीला लागलेल्या भाचीला देऊन टाकली. आता मी एसटीनं आणि रिक्षानं फिरते. गुडघे कुरकुरतात, पण यादी एकाचीच राहिली.

या गाडीचा आपल्या समाजाशीही धागा आहे. सोलापूरच्या दिगंबर जैन घरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स उभी केली. त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून क्रायस्लरच्या डॉज आणि प्लायमाऊथ मोटारींची जुळवणी होऊ लागली. बॉनेटवर शिडाचं छोटं जहाज असतं, ते मेफ्लॉवर. १६२० मध्ये आपल्या श्रद्धेसाठी घरदार सोडून निघालेली माणसं त्याच जहाजातून अमेरिकेला गेली होती.

दुरुस्तीला लगेच हात लावता आला नाही. मागच्या सीटमध्ये खारीनं घर केलं होतं आणि आत पिल्लं होती. मिस्त्रीचाचांना म्हटलं, थांबायचं. महिनाभरानं पिल्लं आपली आपण गेली. दारांच्या फटींत कुंभारीण माशीची मातीची घरटी होती. रिकामी होती तेवढीच काढली, बाकीची वेळ येईपर्यंत राहू दिली. चाचा आधी हसले, मग तेच रोज सकाळी वाकून बघू लागले.

इंजिन जाम होतं. सहाही प्लग काढून भोकांतून तेल सोडलं, पंधरा दिवस मुरू दिलं आणि मग हातानं थोडं थोडं फिरवलं. जोर लावला असता तर पिस्टनच्या रिंगा तुटल्या असत्या. चाकं काढताना चाचांनी हाक मारली, "ताई, हिकडं या. डाव्या बाजूचे बोल्ट उलट्या आट्याचे हायती!" त्या काळी क्रायस्लरच्या गाड्यांत तशीच पद्धत होती. वीजही सहा व्होल्टची आणि बॅटरीचं अधिक टोक सांगाड्याला जोडलेलं. कमी व्होल्टला जास्त प्रवाह लागतो, म्हणून स्टार्टरच्या वायरी मुद्दाम जाड घेतल्या.

ब्रेकवर सगळ्यात जास्त खर्च केला. पुढच्या प्रत्येक चाकाला दोन-दोन सिलिंडर आहेत आणि सगळ्या चाकांना तेल पुरवणारा मास्टर सिलिंडर एकच. कुठेही गळती झाली तर चारही चाकांचा ब्रेक जातो. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, त्यानं जुनं रबर खराब होतं. म्हणून नळ्या आणि पेट्रोलपंपाचा पडदाही बदलला.

सीटला चामडं लावायचं सुचवणारे पुष्कळ भेटले, "शोभा येते" म्हणून. आपल्या घरात ते शक्यच नव्हतं. स्प्रिंगांवर नारळाचा काथ्या, वर कापूस आणि त्यावर इचलकरंजीचं जाड सुती कापड. उन्हाळ्यात त्यावर बसून बघा, चामड्याची आठवणही येणार नाही.

उजव्या मडगार्डला एक पोचा आहे. गाडी शिकताना बाबांनी ती वखारीच्या फाटकावर घातली होती. रंगारी तो ठोकून सरळ करणार होता. मी नको म्हटलं. बाबा नाहीत आता, पोचा आहे.

ज्यांच्या घरी अशी जुनी मोटार असेल त्यांच्यासाठी कागदपत्रांचंही सांगते. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली, बिगरव्यावसायिक गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात, ती दहा वर्षं चालते, पुढच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये. आधीची नोंदणी असेल तर जुना क्रमांक ठेवता येतो. मात्र ही गाडी रोज रस्त्यावर चालवायची नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच.

म्हणजे 'बाळंतीण, मिरज' आता या गाडीकडून होणार नाही. हे कळल्यावर मन खट्टू झालं. नुसती पुसून ठेवायची शोभेची वस्तू झाली, तर ती मूर्च्छाच की! खूप विचार केला. आता रविवारी इंजिनिअरिंगची पाच-सहा मुलं-मुली येतात. ज्या इंजिनाचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नसून बाजूला ब्लॉकमध्येच असतात, असं इंजिन त्यांनी फक्त पुस्तकात पाहिलेलं. चाचा शिकवतात, मी पोहे करते. दानांमध्ये ज्ञानदानही आहेच ना!

दशलक्षण पर्वात उत्तम आकिंचन्याच्या दिवशी दरवर्षी यादी काढून बसते. यंदा स्वतःला एकच प्रश्न विचारला : उद्या ही गाडी द्यावी लागली तर देशील? उत्तर लगेच आलं नाही. 'देईन' म्हणायला मला संध्याकाळ झाली. पुढच्या वर्षी दुपारपर्यंत यावं, एवढाच प्रयत्न आहे.

आजोबांच्या वहीत मी पुढचं पान सुरू केलंय. 'कोणासाठी' या रकान्यात मुलांची नावं आहेत. माझं अजून एकदाही नाही.