राधिकाचे ३०० कोटी आणि आपाचं मशीन

२२ ऑगस्ट २०१६ रोजी झी मराठीवर ‘माझ्या नवऱ्याची बायको’ सुरू झाली, तेव्हा माझी आत्तेबहीण इंदापुरात आपल्या आईच्या घरी इद्दतीत बसली होती. मी तिला आपा म्हणते, इथंही तेवढंच नाव पुरे. नवऱ्यानं ‘दोन दिवस माहेरी राहून ये’ म्हणून मुलांसकट आणून सोडलं होतं. दोन दिवसांचे वीस झाले आणि मग रजिस्टर पोस्टानं स्टँपपेपरवर टाइप केलेला तलाकनामा आला. मेहेर ११ हजार रुपये, तो ‘चुकता केला’ असं त्यातच लिहिलेलं. फुफीनं तो कागद कपाटात ठेवून दिला आणि पुढचे तीन महिने त्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही.

मालिकेची वेळ रात्री आठची. मगरिब होऊन गेलेली आणि इशाची तयारी चाललेली, अशी ती मधली वेळ. एकदा शेजारच्या बडी अम्मा डोकावल्या आणि टीव्ही बघून दारातच थांबल्या. तलाक झालेली पोरगी इद्दतीत बसून नवऱ्याच्या भानगडीची सिरियल बघते, हे त्यांना काही पटेना. फुफी भाजी निवडता निवडता म्हणाली, “इद्दत में घर में बैठनेकू बोले हैं, आँखां मूंद लेनेकू नै बोले.”

बडी अम्मांना दोष देण्यात अर्थ नाही. बाईनं काय बघावं याची काळजी आपल्याकडं जुनी आहे. १९८२ साली जळगावात जमातीनं मुस्लिम बायकांना सिनेमागृहात जायला बंदी केली होती आणि रझिया पटेल यांनी बायकांना सोबत घेऊन ती मोडायचं आंदोलन केलं होतं. आणि त्याच १९८२ मध्ये बी. आर. चोप्रांचा ‘निकाह’ आला. नवाबी थाटाच्या घरातला तलाक, त्यातून बाहेर पडून मासिकाच्या कचेरीत नोकरी करणारी निलोफर आणि शेवटी दोन्ही नवऱ्यांना खडसावणारी सलमा आगा. आमच्या आयांनी तो कुठं ना कुठं पाहिलाच. बंदी कुणावर आणि सिनेमा कुणासाठी, हे गणित मला आजही सुटत नाही.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. राधिका सुभेदार नागपूरकडची, लग्न होऊन मुंबईत आलेली, वऱ्हाडी बोलणारी. नवरा गुरुनाथ मोठ्या पगाराचा साहेब. त्याला ऑफिसातली शनाया आवडते आणि बायको गावंढळ वाटू लागते. अनिता दाते, अभिजीत खांडकेकर, रसिका सुनील. मध्ये शनाया बदलली, ईशा केसकर आली, पुन्हा रसिका आली; आमच्या गल्लीत त्यावरून भांडणं झाली. विषय रडका, पण मालिका निम्मी विनोदी होती. गुरुनाथ आणि शनायाची फजिती हा रोजचा खाऊ. राधिका मसाल्याच्या धंद्यात उतरते, ‘राधिका मसाले’ वाढत जातात, ती ३०० कोटींच्या कंपनीची मालकीण होते आणि एकेकाळचा साहेब तिच्यापुढं नमतो. मार्च २०२१ पर्यंत हे चाललं, म्हणजे साडेचार वर्षं.

३०० कोटींचा भाग आला तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रात चेष्टा झाली. आपाही हसली, पण तिचं वाक्य माझ्या लक्षात राहिलं. “तीनसौ करोड रहने दे बाई, मेरेकू पहले फॉल-पिकोका मशीन दिला.”

भाषा शिकवणारी म्हणून मला मात्र राधिकाची वेगळीच गोष्ट आवडली. ती तिच्या वऱ्हाडीसकट मालकीण झाली. उर्दू माध्यमातल्या मुलांना मी मराठी शिकवते. घरी दखनी, बाजारात मराठी, पुस्तकात तिसरंच काहीतरी. मुलं ‘तो माझेकू बोलला’ असं लिहितात आणि बाहेरचे लोक हसतात. हसण्याला घाबरून वर्गात तोंडच न उघडणाऱ्या मुली मी वर्षानुवर्षं बघते आहे. राधिकाच्या ‘करून राहिली’वर शनाया नाक मुरडायची, तेव्हा आमच्या पोरींना ते लगेच कळायचं. त्यांनी राधिकाची बाजू घेतली त्याचं अर्धं कारण नवरा नव्हता, बोली होती.

पण मला बोलायचंय ते घराबद्दल. मालिकेत राधिकाला नवरा सोडतो, सासू-सासरे सोडत नाहीत. ते मुलाच्या विरोधात सुनेच्या मागं उभे राहतात. पुढं स्टार प्रवाहवर ‘आई कुठे काय करते’ आली, डिसेंबर २०१९ ते २०२४. मूळ बंगाली ‘श्रीमोयी’, हिंदीत ‘अनुपमा’. तिथंही तेच. पंचवीस वर्षांचा संसार केलेली अरुंधती, मधुराणी प्रभुलकरांनी केलेली, नवऱ्यापासून वेगळी होते, आणि सासरे अप्पा तिच्याच बाजूचे. मराठी मालिकेतल्या बाईचा घटस्फोट नवऱ्याशी होतो, सासरशी होत नाही. तिच्या डोक्यावरचं छप्पर आणि तिची माणसं शाबूत राहतात, म्हणून तिला भांडायला, गायला, मसाले विकायला सवड मिळते. आमच्याकडच्या बायका हे बघताना ‘ऐसा कहाँ होता गे’ म्हणायच्या. मीही म्हणायची.

मग एकदा सूरह तलाकचा तर्जुमा वाचताना पहिल्याच आयतीवर थांबले. इद्दतीच्या काळात बायकांना घरातून बाहेर काढू नका, असं तिथं स्वच्छ सांगितलंय. आणि ते घर नवऱ्याचं म्हटलेलं नाही, बायकांचं म्हटलंय. उघड बदचलनीचा एक अपवाद सोडला तर हुकूम सरळ आहे. आपल्याकडं काय होतं? तलाकआधीच बाई माहेरी पोचती होते. कागद मागून पोस्टानं येतो. इद्दत भावाच्या घरी, भावाच्या बायकोच्या चेहऱ्याकडं बघत काढायची. तलाकच्या तीन शब्दांवर आपण पन्नास वर्षं वाद घातला. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी सात बायकांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला तिथपासून, २२ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टानं तिहेरी तलाक रद्द ठरवला तिथपर्यंत. (राधिकाच्या मालिकेला त्या दिवशी बरोबर वर्ष झालं होतं, हा आपला योगायोग.) तो वाद व्हायलाच हवा होता, मी त्या निकालाच्या बाजूची आहे. पण घरातून काढू नका हा हुकूम ज्या आयतीत आहे, त्यावर मी आमच्याकडच्या एकाही जलशात बयान ऐकलेलं नाही. ती आयत पाळली असती तर आपाला निदान तीन महिने स्वतःच्या खोलीत झोपता आलं असतं, मुलांची सहामाही तिथंच झाली असती. कदाचित समोरासमोर बसून बोलणंही झालं असतं. इद्दतीच्या मुदतीत रुजू करायची मोकळीक आहे ती उगाच नाही.

आपाचं सासर मोठं होतं. दोन मजली घर, दारात दोन गाड्या, लग्नात जेवायला बसलेल्या पंगती अजून लोक सांगतात. ‘बड़े घर में दिया’ असं फुफी चार वर्षं अभिमानानं सांगायची. आणि मोठ्या घरातून बाई बाहेर पडते तेव्हा सोबत काय येतं, तर दोन बॅगा. मोठ्या घराचा तलाक म्हटलं की मला शाहबानो आठवतात. आपण त्यांना एक खटला करून ठेवलंय. त्या इंदूरच्या एका वकिलाच्या बायको होत्या. १९३२ चं लग्न, पाच मुलं, आणि १९७५ मध्ये घराबाहेर. नवऱ्याचं उत्पन्न त्या काळात वर्षाला ६० हजारांच्या घरात. खालच्या कोर्टानं पोटगी लावली महिना २५ रुपये. हायकोर्टानं ती १७९ रुपये २० पैसे केली. १९८५ च्या ज्या निकालावरून देश पेटला, पुढच्या वर्षी नवा कायदा आला, तो सगळा कल्लोळ या १७९ रुपये २० पैशांवर होता. साठी ओलांडलेली बाई काय मागत होती आणि आपण काय ऐकलं! १० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टानं पुन्हा स्पष्ट केलं की तलाकशुदा मुस्लिम बाईला कलम १२५ खाली पोटगी मागता येते. चांगलं झालं. आपानं पोटगीचा अर्ज केला नाही. “तारखांकू जानेका भाडा कौन देता?” असं तिचं म्हणणं.

मालिकेत नवी सुरुवात एका निश्चयानं होते, मागं संगीत वाजतं. इथं ती रेशनकार्डानं झाली. सासरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला मिळेना, तो मिळाल्याशिवाय भावाच्या कार्डात नाव चढेना. वर्षभर ती कागदावर सोलापूरकडची होती आणि जेवत होती इंदापुरात. मुलांच्या शाळेचं मी बघितलं, कारण ते मला माहीत होतं. शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय की जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. हे कलम दाखवल्यावर समोरचे आधी माझ्याकडं बघतात, मग मुलाकडं. तलाकच्या घरातली मुलं आमच्याकडं शाळेत मधल्याच महिन्यात येतात, जूनमध्ये येत नाहीत. हजेरीवरून ती ओळखू येतात.

मशीन आलं, जुनंच. गल्लीतल्या साड्या, ईदच्या आधी महिनाभर रात्री दोनपर्यंत काम, आणि बाकीचे आठ महिने नुसतं झाकून ठेवलेलं. ‘राधिका मसाले’सारखं काही करावं म्हणून दोन-तीन जणींनी तिला बिर्याणी मसाला करायचा सल्ला दिला. तिनं केलाही. आपल्या गल्लीत मसाला विकत कोण घेतं? प्रत्येकीच्या सासूचा स्वतःचा असतो.

शेवटी तिला बारामतीच्या टेक्सटाइल पार्कमध्ये शिलाईचं काम मिळालं. तिथं मशीनवर बसणाऱ्या बहुतेक बायकाच. आता सकाळची एसटी आम्ही एकत्र धरते. निमगाव केतकीला पानमळ्यांकडच्या बायका चढतात, मग अंथुर्णे, लासुर्णे, सणसर. मी शाळेच्या वह्या तपासते, ती झोपते. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हा तिनं हिशोब करून सांगितलं की वाचलेल्या पैशांत लेकीची शिकवणी बसते. मालिकेच्या लेखकांना मी हे सुचवलं असतं, पण अर्ध्या तिकिटावर एपिसोड होत नाही.

जवळ जाणारं एकच पात्र मला आठवतं आणि ते पाकिस्तानी मालिकेतलं आहे. ‘ज़िंदगी गुलज़ार है’ २०१४ मध्ये ज़िंदगी चॅनलवर लागली तेव्हा आमच्या गल्लीत पोरी कशफ आणि ज़ारूनसाठी बघायच्या. मी बघायची ती कशफच्या आईसाठी. रफिया, समीना पीरज़ादांनी केलेली. मुलगा हवा म्हणून नवऱ्यानं दुसरं लग्न केलेलं, पदरात तीन मुली, आणि ती शाळा चालवते. तिचा तलाक झालेला नाही, पण एकटीनं उभं राहणं तेच. शाळेतून येते, पर्स ठेवते, शिकवण्या घेते. तिचा सूड कुणावर नाही. तिला तेवढा वेळच नाही.

राधिकाचं पुढं सौमित्रशी लग्न झालं. घटस्फोटित, एका मुलाची आई असलेल्या बाईचं लग्न टीव्हीवर हौसेनं, सजूनधजून लावलं, ही गोष्ट मला आवडली. आपल्याला त्यात नवल वाटायला नको होतं. हजरत खदीजा विधवा होत्या, व्यापार करत होत्या, आणि निकाहचा पैगाम त्यांच्याकडून गेला होता, हे आपण मुलांना पाठ करून घेतो. मात्र आपल्या पोराचा बायोडाटा काढताना ‘तलाकशुदा चालणार नाही’ हे पहिल्या ओळीत लिहितो.

आपालाही गेल्या वर्षी एक स्थळ आलं. भिगवणच्या बाजूचं, बायको वारलेला, दुकान स्वतःचं. माणूस बरा वाटला. फुफीनं तर दुपट्ट्याच्या टोकाला गाठ मारून नफिलची मन्नत केली होती. चहा झाला, आणि मग त्याच्या बहिणीनं फार गोड आवाजात विचारलं, “बच्चे तो नानी के पास ही रहेंगे ना?”

आपा कप उचलून आत गेली. मी मागं गेले तर ती मोरीत कप विसळत होती. म्हणाली, “वो राधिका की शादी हुई, तब अथर्व कू कोई पूछ्या था क्या?” अथर्व म्हणजे राधिकाचा मुलगा. बाहेर फुफी पाहुण्यांना अजून एक बिस्कीट घ्या म्हणत होती. आपानं हात पुसले, बाहेर गेली आणि उभ्यानंच सांगितलं की मुलं तिच्याजवळच राहतील, तुमचा जवाब तुम्ही घरी जाऊन द्या. जवाब आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत ती निमगावच्या आधीच झोपली होती.